बाटलीतलं हिरवं विरजण

बदलापूर,
दिव्यांची अवस

प्रिय चिमे,

तू पाठवलेला गुलाबी तळ्याचा फोटो मी इतक्यांदा पाहिलाय की आता डोळे मिटले तरी तो रंग दिसतो. खाली तू लिहिलंयस, "पर्थहून पाचशे किलोमीटर गाडी हाकत गेलो आणि समोर हे! रंग कसला गं हा? तू बॉटनीवाली, तूच सांग." अगं, बॉटनीवाल्या आपण दोघीही होतो. चांदीबाई कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच मायक्रोस्कोपवर डोकी घालून स्पायरोगायराच्या हिरव्या फिती कोण मोजत होतं? मग तू लग्न होऊन गेलीस, मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ३२ वर्षं काढली आणि शेवाळ दोघींच्याही हातून सुटलं. माझ्या हातात ते आता परत आलंय, म्हणून आज हे लांबलचक पत्र. बाहेर पाऊस कोसळतोय, लाइट दुपारपासून नाहीत. सकाळी समया घासून ठेवल्या होत्या, त्यातली एक जवळ ओढून लिहायला बसलेय.

तर तुझं तळं. ते हट लगून, बरोबर ना? त्या पाण्यात ड्युनालिएला सलायना नावाचं एकपेशी शैवाल राहतं. कुळ हिरव्या शैवालाचं, पण पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारं आणि डोक्यावर तुमचं ते तळपतं ऊन. अशा जागी दुसरं फारसं कुणी तग धरत नाही. ऊन सोसेनासं झालं की हे शैवाल आपल्या पेशीत बीटा कॅरोटीन साठवतं. गाजराचा रंग ज्याने येतो तेच द्रव्य. आपण उन्हात डोक्यावर पदर घेतो ना, तसं. तळ्याच्या कडेला मिठागरासारखे मोठाले चौकोन दिसले असतील बघ. ती शेती आहे, जगातल्या सगळ्यांत मोठ्या शैवालशेतांपैकी एक. तिथलं कॅरोटीन औषधाच्या गोळ्यांत जातं, खायच्या रंगांत जातं. तुम्ही सगळे ज्याच्यापुढे हसत उभे आहात ना, तो चालता उद्योग आहे.

हे मला कळत होतं, तरी फोटो बघताना माझ्या डोळ्यांपुढे आली ती वालधुनी.

आपली वालधुनी गं. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायाशी वाहणारी नदी. शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली शिलाहारांनी ते देऊळ बांधलं, तेव्हाही ती तिथे होती. महाशिवरात्रीच्या जत्रेला आपण अनवाणी जायचो आणि ओल्या दगडावर तुझा पाय घसरला होता. त्या दगडावरचं काळपट-हिरवं बुळबुळीत शेवाळ तू नखाने खरवडून पुडीत बांधलंस. सोमवारी लॅबमध्ये काचेवर ठेवलं तर आत मण्यांच्या माळा! नॉस्टॉक. त्या माळा बघून तू केवढ्याने ओरडली होतीस. ती नदी नंतर कुठल्या रंगाची वाहील ते त्या दिवशी कारखान्यांच्या नाल्यांतून काय सुटलंय त्यावर ठरायला लागलं. पुढे उल्हासनगरात जीन्स धुण्याचा धंदा वाढला तेव्हा पाणी निळंशार असायचं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तर रात्री कुणीतरी टँकरमधून नदीत रसायन ओतलं आणि काठावरची शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं, तिथून ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, जीन्स धुणाऱ्या कारखान्यांना टाळी लागली. नदी मात्र अजून बरी झालेली नाही. मी ३२ वर्षं याच उद्योगाचं मीठ खाल्लं, चिमे. त्या पगारावर घर उभं केलं, मुलांची शिक्षणं केली. त्यामुळे रिटायर झाल्यावर मनात एकच गोष्ट होती. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांना रसायनं येतात, यंत्रं येतात, शिफ्टमध्ये काम करता येतं. हे सगळं येणाऱ्या हातांना नदी न मारणारा एखादा उद्योग मिळेल का?

उत्तर शोधायला मी फार लांब गेले नाही. भाच्याची मुळगावच्या वाटेवर थोडी जमीन आहे, तिथे एक हौद केला. विटा नुसत्या रचल्या, वर शेततळ्याचा काळा कागद अंथरला. दहा फूट बाय पाच फूट आणि पाणी एक वीतभर. त्याहून खोल करून उपयोग नाही, कारण दाट झालेलं शैवाल स्वतःच वरचं ऊन अडवतं आणि खालचं उपाशी राहतं. पाण्यात खाण्याचा सोडा. झारूक नावाच्या संशोधकाने १९६६ मध्ये स्पिरुलिनासाठी जी कृती दिली तिच्यात लिटरला १६.८ ग्रॅम सोडा आहे. मी निम्म्यावर भागवते. मग थोडं मीठ, पोटॅशियम नायट्रेट, फॉस्फेट, चिमूटभर एप्सम सॉल्ट आणि लिंबाच्या रसात विरघळवलेला हिराकस. लिंबू का, तर त्याच्याशिवाय या सोड्याच्या पाण्यात लोह तळाशी बसतं, शैवालाला मिळत नाही. विरजण एका कॉलेजच्या लॅबने दिलं, अर्धा लिटर.

अगदी विरजणच ते. आधी बाटलीत, बाटलीतून बरणीत, बरणीतून बादलीत आणि मग हौदात. एकदम हौदात ओतलं तर उन्हाने पिवळं पडून मरतं. माझं पहिलं मेलंच. दुसऱ्या वेळी वर जुनी पांढरी चादर बांधली आणि दहा दिवसांनी पाणी असं हिरवं झालं, की वाटलं पालक वाटून ओतलाय. दिवसातून पाच-सहा वेळा नव्या झाडूने ढवळायचं. काठीला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडायची. दोन-तीन सेंटिमीटरवरच ती दिसेनाशी झाली की पीक काढणीला आलं.

काढणीची कृती ऐक, तुला हसू येईल. पहाटे पाणी उपसायचं आणि कापडातून गाळायचं. कापड कुठलं, तर उल्हासनगरात स्क्रीन प्रिंटिंगला वापरतात ते बारीक जाळीचं. स्पिरुलिनाची पेशी सुटी नसते, स्प्रिंगसारखी वळलेली लांब माळ असते, म्हणून ती कापडावर अडकते. वर हिरवा गोळा राहतो. तो स्वच्छ पाण्याने धुऊन चक्का टांगतो तसा दाबून निथळायचा, मग सोऱ्यात भरायचा. हो, आपला चकलीचा सोऱ्या! शेवेची चकती लावून जाळीवर हिरव्या शेवया पाडायच्या आणि आडोशाच्या उष्ण वाऱ्यात वाळवायच्या. थेट उन्हात ठेवल्या तर रंग उडतो. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेंबू जमातीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात. पाण्यावरची साय टोपलीत घ्यायची, वाळूवर पसरून सुकवायची, वड्या पाडायच्या आणि कालवणात घालायच्या. 'दिहे' म्हणतात त्या वड्यांना. आपल्या उन्हाळी सांडग्यांची बहीणच.

आता हिशेब. माझ्या हौदात साधारण नऊशे लिटर पाणी. चांगल्या दिवशी त्यातून २५ ते ३० ग्रॅम वाळलेला माल निघतो. मूठभर शेवया! पीक भरात असतानाही लिटरभर पाण्यात शैवाल असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. किलोभर माल हवा तर दोन हजार लिटर पाणी हाताळा, आणि ते फेकायचं नाही, कारण त्यात सोडा आहे. गाळून परत हौदात. शैवाल वाढवणं मला वर्षभरात जमलं. ते पाण्यातून काढायचं, खराब होण्याआधी वाळवायचं आणि रोज एकसारखं काढायचं, इथे माझी कंबर मोडली.

एकदा पहाटे कापड पिळताना मात्र लख्ख आठवलं, की हे काम मी आयुष्यभर पाहिलंय! आमच्या प्लँटमध्ये दुसरं काय चालायचं? रिअॅक्टरमधून पातळ माल निघायचा, तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरायचा, आत केक राहायचा, बाहेर एमएल, म्हणजे गाळून उरलेला द्रव, जायचा. केक धुवा, ड्रायरला टाका, ओलावा तपासायला लॅबमध्ये पाठवा. तो ओलावा तपासणारी मी. फिल्टर प्रेसच्या कापडाला भोक पडलंय हे नुसत्या थेंबाच्या रंगावरून ओळखणारे ऑपरेटर आनंदनगरच्या आणि मोरिवलीच्या एमआयडीसीत आजही आहेत. सेंट्रिफ्यूजचा आवाज बदलला की चहा टाकून धावणारे हेल्पर आहेत. शैवालाचा उद्योग जगभर जिथे अडतो, ते पाणी काढणं आणि वाळवणं, नेमकं तेच आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाच्या हातात मुरलेलं आहे. स्पिरुलिना निदान कापडावर तरी अडकते. क्लोरेलाची पेशी इतकी बारीक की कापडातून सरळ निघून जाते. तिला सेंट्रिफ्यूजच लागतो. हा विचार आल्यापासून मला झोप येईना. भाचा म्हणतो, "मावशी, तू पुन्हा कामावर लागलीस."

यात पैसा कुठे आहे, असं तुझे अहो विचारतील. त्यांना सांग, निळ्यात. स्पिरुलिनाच्या पोटात फायकोसायनिन नावाचा निळा रंग असतो. पेशी फोडल्या की तो पाण्यात उतरतो, इतका सुंदर निळा की मोरपिसाची आठवण यावी. जगाला खायचा निळा रंग हवाय आणि निसर्गात तो फार थोड्या ठिकाणी मिळतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पिरुलिनाचा निळा रंग कँडी आणि च्युइंगममध्ये घालायला मान्यता दिली, तेव्हापासून त्याला मागणी आली. हा रंग नाजूक आहे. उष्णता लागली की गेला, उजेडात ठेवला की फिका पडला. म्हणजे कमी तापमानावर काढणं, शुद्ध करणं, वाळवणं, दर बॅचची तपासणी. पुन्हा आपलंच काम! ज्या उल्हासनगरात निळं पाणी नाल्यातून वाहिलं, तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर पोरांच्या गोळ्यांत घालता येईल असा निळा तयार व्हावा, ही माझी इच्छा आहे. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, माहितीये ना? एका रंगाने गावाचं नाव झालं, दुसऱ्याने का होऊ नये?

तू म्हणशील, शैवालापासून पेट्रोल काढणार होते ना? तेही सांगते, कारण त्या स्वप्नात फार जणांचे पैसे गेलेत. तेलटंचाईच्या काळात, १९७८ मध्ये अमेरिकेने शैवालापासून इंधन काढण्याचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. अठरा वर्षं चालला, हजारो प्रकारची शैवालं गोळा केली आणि १९९६ मध्ये बंद केला. तेल निघतं, पण खनिज तेलाच्या भावात परवडत नाही. पुढे मोठमोठ्या तेल कंपन्यांनी पुन्हा हात घातला आणि काढूनही घेतला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने शैवालाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. विज्ञान खरं आहे, हिशेब बसत नाही. दोन हजार लिटर पाणी गाळून किलोभर माल आणि त्यातलं तेल जाळायचं? माझ्या लॅबच्या वहीत असा हिशेब कुणी पास केला नसता.

धुराचंही तसंच. एमआयडीसीत कुणाला शैवाल म्हटलं की लगेच म्हणतात, "म्हणजे आमच्या बॉयलरचा धूर खाईल!" खाईल, पण किती? एक किलो शैवाल वाढताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. उत्तम चाललेला हौद दिवसाला चौरस मीटरमागे २० ग्रॅम देतो. एक एकर धरला तर ८० किलो शैवाल, म्हणजे दीडशे किलोच्या आत कार्बन डायऑक्साइड. तेवढा धूर शंभर किलो कोळसा जाळला की निघतो. बॉयलर एका दिवसात किती टन कोळसा ओढतो ते मी पाहिलंय. धुरातला थोडा वायू स्वच्छ करून हौदात सोडावा, सोड्याचा खर्च वाचतो, पीक वाढतं. पण आमचा कारखाना आता हिरवा झाला अशी पाटी त्याच्या जोरावर कुणी लावू नये.

मला खरा राग येतो तो चमत्काराच्या पुड्यांचा. दोन वर्षांपूर्वी माझा हौद पाहून एका कंपनीची माणसं घरी आली. किट घ्या, बियाणं घ्या, सगळा माल आम्ही परत विकत घेऊ. आमच्या ओळखीतल्या एका बाईने बांगड्या मोडून पैसे भरले. चार टाक्या आल्या, बियाणं आलं. माल तयार झाला तेव्हा फोन लागेना. ती हिरवी पूड तिच्याकडे डब्यात पडून आहे. गावोगाव असं झालंय आणि त्यामुळे शैवाल म्हटलं की शेतकरी हात जोडतात. वर पुडीवर काय काय लिहिलेलं असतं! स्पिरुलिनात प्रथिनं ५५ ते ७० टक्के असतात, हे खरं. लोह असतं, बीटा कॅरोटीन असतं, हेही खरं. पण शाकाहाऱ्यांचं बी-१२ म्हणून तिची जाहिरात करतात ते चूक आहे. तिच्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचं असतं. तुझ्या सुनेने तिकडून तीच पुडी मागवली होती म्हणून मुद्दाम लिहितेय. बी-१२ कमी असेल तर डॉक्टरांकडून वेगळं घ्यायला सांग.

सरळ मार्गाने हे काम आपल्याच देशात झालंय. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात जर्मनांच्या मदतीने शैवालावर काम सुरू केलं. चेन्नईच्या एमसीआरसी संस्थेत सी. व्ही. शेषाद्रींनी स्पिरुलिना प्रयोगशाळेतून काढून खेड्यातल्या बायकांच्या टाक्यांत नेली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात उनैयूरला पॅरी कंपनीचं मोठं शैवालशेत उभं आहे. तिथे ऊन जास्त, पाऊस बेताचा. आणि आपल्याकडे? चार महिने आभाळ फाटलेलं. माझ्या हौदावर पहिल्या पावसाळ्यात एका रात्रीत इतकं पाणी पडलं की सोडा विरून गेला. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी, म्हणजे पीएच दहाच्या आसपास असतो, म्हणून दुसरे जीव आत येत नाहीत. ते रक्षण गेलं आणि चार दिवसांत हौद करडा होऊन वास मारायला लागला. शिवाय उल्हास नदीची पूररेषा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराच्या आसपास माणसं बोटींतून काढावी लागली, तू टीव्हीवर पाहून मला फोन केला होतास. त्या पाण्यात मी माझ्या हौदाच्या जागेला तीन बाजूंनी वेढलेलं पाहिलंय. त्यामुळे इथे काम करायचं तर उंचावर, पॉलिहाऊसखाली, आणि वर्ष आठ महिन्यांचंच धरून.

पण उरलेले महिने काय, या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या भातखाचरात मिळालं आणि मला वाटतं माझ्या सगळ्या खटपटीत हेच सगळ्यांत मोलाचं आहे.

तुझा नॉस्टॉक आठव. त्या माळांत मधेच एखादा मोठा फिकट मणी असतो, हेटरोसिस्ट. तो हवेतला नत्र धरतो. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी दाखवून दिलं, की भातखाचराचा कस खत न घालताही टिकतो तो मुख्यतः या नील-हरित शैवालामुळे. (शास्त्रज्ञ आता त्यांना जीवाणू म्हणतात, पण आपल्या पुस्तकात ते शैवाल होते, मी शैवालच म्हणणार.) लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी १० किलो वाळलेल्या पापड्या खाचराच्या साचल्या पाण्यात फेकायच्या. पीक होईतो २० ते ३० किलो नत्र जमिनीला मिळतो, म्हणजे युरियाच्या एका गोणीएवढा. हे खत तयार करायला सेंट्रिफ्यूज नको, ड्रायर नको. उथळ वाफ्यात माती, मूठभर सुपरफॉस्फेट, पाणी आणि वरून विरजण. पंधरा दिवसांत वर जाड थर येतो. पाणी आटू द्यायचं, उन्हाने थर तडकतो, कडा पापडासारख्या वळतात, खरवडून पोत्यात भरायच्या. फक्त डासांच्या अळ्यांवर नजर ठेवायची, त्या शैवाल फस्त करतात.

आता पंचांग जुळतं का बघ. पापड्या करायच्या कडक उन्हात, चैत्र-वैशाखात, जेव्हा बायका कुरडया-पापड घालतातच. लागणार आषाढात, लावणी झाली की. आणि भाताचं मोठं संशोधन केंद्र कुठे, तर कर्जतला, आपल्यापासून लोकलने तासाच्या आत! कोकण कृषी विद्यापीठाचं. मी यंदा मे महिन्यात तीन वाफे केले, सतरा किलो पापड्या निघाल्या. शेजारच्या काकांनी एका खाचरात टाकल्या, बाजूचं खाचर मुद्दाम तसंच ठेवलं. कालच जाऊन पाहिलं. पाण्याखाली मातीवर हिरवट मखमल धरलीय. पिकाचं काय ते दिवाळीला मापात कळेल, आत्ता मी काही म्हणणार नाही. पण काका रोज छत्री घेऊन बघायला जातात.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगते. आता आमच्या इमारतीतली मुलं येतात, चांदीबाईच्या आणि कल्याणच्या बिर्ला कॉलेजच्या मुली प्रोजेक्टसाठी येतात. त्यातली एक म्हणाली, "काकू, वालधुनीच्या पाण्यावरच वाढवू ना. नदीही साफ होईल, मालही मिळेल." केवढं गोड वाटतं ऐकायला! शैवाल मैलापाणी साफ करतं, हे खरं आहे. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी पन्नासच्या दशकात त्यासाठी उथळ, फिरत्या पाण्याचे हौद केले. शैवाल प्राणवायू सोडतं, त्यावर जीवाणू घाण कुजवतात, कुजलेल्यातलं नत्र-फॉस्फरस शैवाल घेतं. उल्हासनगरच्या खेमानी नाल्यासारख्या सांडपाण्याला असे हौद लाभतील, आणि त्यातून उल्हास नदीला थोडा श्वास मिळेल. दर उन्हाळ्यात ती जलपर्णीने झाकून जाते ती याच नत्र-फॉस्फरसामुळे. पण शैवाल पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियमही तितक्याच मायेने शोषून घेतं. आपल्या नाल्यात मैलापाणी कुठे संपतं आणि रसायन कुठे सुरू होतं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घाण पाण्यावरचं शैवाल माणसाच्या, गुराच्या किंवा माशाच्याही तोंडात जाता कामा नये. ते काम वेगळं, त्याची जागा वेगळी, त्याची भांडी वेगळी. एकाच कारखान्यात दोन्ही नकोत. दर बॅचचे जड धातू तपासल्याशिवाय एक चमचाही विकायचा नाही. मी लॅबमध्ये आयुष्य काढलं, यावर मी कुणाचं ऐकणार नाही.

तर माझी मागणी अशी आहे आणि ती मी एमआयडीसीतल्या दोन-तीन जुन्या ओळखीच्या मालकांपुढे मांडून आले. अंबरनाथला एक सामाईक काढणी-केंद्र हवं. सेंट्रिफ्यूज, छोटा स्प्रे ड्रायर आणि एक चांगली लॅब. बदलापूर, वांगणी, मुरबाडकडच्या गटांनी हौद सांभाळायचे, रोज सकाळी दुधासारखा ओला माल केंद्रावर आणायचा. दुधासारखाच तो तासांत नासतो. केंद्राने तपासायचा, वाळवायचा, निळा काढायचा. डेअरीने जे दुधाचं केलं ते. एक मालक म्हणाले, जमिनीचे भाव पाहता इथे टॉवर सोडून काही परवडत नाही. दुसऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसाला ओला माल किती किलो येईल? ते लिहून आणा." चिमे, एवढ्या वाक्याने मी घरी येताना रिक्षा न करता चालत आले. उत्तर द्यायला मला दहा हौदांचा एक हंगाम हवा. तो दसऱ्यापासून सुरू करतेय.

आता तुझं काम. पुन्हा हट लगूनला गेलात तर नुसते फोटो काढू नकोस. तिथे कुणी भेटलं तर विचार, एवढं विरळ शैवाल ते पाण्यातून काढतात कसं. ड्युनालिएलाला पेशीभित्तिका नसते, जरा धक्का लागला की फुटते, ती कापडावर किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये टिकते कशी? सांगतील तेवढं लिहून पाठव. आणि वाऱ्याने शैवाल तळ्याच्या एका कडेला लोटलं जातं का, तेही बघ.

हौद मी जूनमध्ये रिकामा केला. विरजण स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, दोन लिटरच्या बाटलीत, ओट्यावरच्या ट्यूबलाइटखाली. पावसाळाभर तेवढंच जिवंत ठेवायचं. दिवसातून तीनदा हलवावं लागतं, नाहीतर खाली बसतं. आज लाइट नाहीत म्हणून बाटली उचलून समईजवळ आणली. त्या उजेडाने तिचं काही भागायचं नाही, पण अंधारात एकटी ठेवावीशी वाटेना. हिरवा रंग अजून घट्ट आहे. संध्याकाळची हलवायची राहिलीय, ती हलवते आणि पत्र बंद करते.

नातवाला गोड पापा. त्याला सांग, आजीच्या मैत्रिणीने गुलाबी तळ्याचं कोडं सोडवलं.

तुझीच,
शेजारच्या बाकावरची